पट्टा, पाट आणि पुणे

पाटावर बसणं सोपं असतं. आपण फक्त सोडून द्यायचं, बाकीचं पृथ्वी पाहते. उठायला मात्र पृथ्वी मदत करत नाही, आणि त्या वर्षी माझं उरलेलं सगळं आयुष्य त्या एका उठण्यावर येऊन ठेपलं होतं.

याला कारण कूलर. माझ्या मुलीचं सासर अकोल्याला. मे महिन्यात अकोल्याला जाऊ नये, हे अमरावतीच्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी मी गेलो. व्याह्यांच्या दिवाणखान्यात कूलर होता आणि त्यातून हवा सोडून बाकी सगळं येत होतं. मी म्हटलं, वाळा बदलायला झाला आहे. व्याही म्हणाले, उद्या माणूस येणार आहे. मी म्हटलं, माणसाची काय गरज, मी आहे ना. या वाक्यातला दोष तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही. मी स्टुलावर चढलो आणि वाळ्याची जाळी ओढली. जाळी आली नाही. कूलर आला.

गुडघ्याचं ऑपरेशन तिथंच झालं. व्याही रोज डबा घेऊन दवाखान्यात येत, तब्येत विचारत आणि निघताना दारातून सांगत, "तो माणूस येऊन गेला बरं का. वाळा बसवला. आता थंड हवा येते." सज्जन माणूस. पण सज्जन माणसांपासून बचाव करता येत नाही.

अमरावतीला परत आलो तेव्हा उजवी मांडी डाव्या मांडीच्या धाकट्या भावासारखी दिसत होती. हातात काठी आली. खाली बसलो तर मला उठवायला माणिकबाई, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, आणि दाराची चौकट असे दोघं लागत. अशात आमचे चिरंजीव चंदन पुण्याहून आले. त्या सालांत आमच्याकडे दुष्काळाची पाहणी पथकं फार यायची. पथकानं बांधावर उभं राहायचं, वाळलेल्या कपाशीकडे पाहायचं, मान हलवायची, चहा घ्यायचा आणि जायचं. चंदननं मला जमिनीवरून उठताना अगदी तसंच पाहिलं. फरक एवढाच की पथकाचा अहवाल कधी येत नसे, याचा लगेच आला. "बाबा, आता तुम्ही दोघं पुण्याला चला. घराला कुलूप लावू. आमच्याकडे अकरावा मजला आहे, लिफ्ट आहे, जमिनीवर बसायची वेळच येणार नाही."

पुण्याशी माझं वैर नाही. तिथले लोक शांत असतात, दुपारी तर फारच. पण अकराव्या मजल्यावर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय जी, कुठं चालले?" असं विचारता येत नाही. एक तर ओटा नाही, दुसरं म्हणजे विचारलं तर तो सोसायटीत तक्रार करतो. मी नाही म्हटलं. चंदननं हो म्हटलं. दोन दिवस हेच चाललं. माणिकबाई अंगणातल्या कढीपत्त्याला त्या दोन दिवसांत इतकं पाणी घालत राहिल्या की बिचारं झाड पिवळं पडलं.

शेवटी त्यांनीच तोड काढली. भादव्यात त्यांच्या माहेरी महालक्ष्म्या असतात. अख्खं गोत पाटावर जेवायला बसतं. त्या पंगतीतून मी हात न टेकता, कोणाचा हात न धरता उठलो, तर पुण्याचा विषय बंद. नाही उठलो तर दिवाळीच्या आत कुलूप. चंदन म्हणाला, ठीक. मीही ठीक म्हणालो, कारण मी त्या वेळी खुर्चीवर बसलो होतो आणि खुर्चीवर माणसाला आत्मविश्वास असतो.

यानंतर सल्ले सुरू झाले. आमच्या शेजारच्या नत्थुजींना वैद्यकीतलं काहीच कळत नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला कधी डगमगत नाही. त्यांच्या मते गुडघ्याचं मूळ रक्तात होतं आणि रक्ताचं औषध कडुनिंबात. रोज सकाळी ते स्वतः हिरव्यागार रसाचा पेला घेऊन येत आणि मी तो संपवेपर्यंत फाटकात उभे राहत. पहिले काही दिवस मी वेगवेगळे चेहरे केले. पुढं जिभेनं विरोध सोडला. मग तर पेला उशिरा आला की मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. गुडघा होता तसाच राहिला. ही रसाची गोष्ट कृपया लक्षात ठेवा, पुढं ती माझ्या जिवावर बेतणार आहे.

खरा उपाय सापडला तो उज्माकडे. उज्मा म्हणजे रहमतुल्लाची मुलगी, आणि रहमतुल्ला म्हणजे माझा शाळेतला सोबती, सायकलवाला. खाली त्याचं दुकान, वर तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना. खाली बाप ट्यूबमध्ये हवा भरतो, वर पोरगी माणसाच्या मांडीवर भरते. म्हणजे खरोखर भरते. तिच्याकडे एक रुंद पट्टा होता, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याचा थोरला भाऊ. तो मांडीला अगदी वरच्या बाजूला बांधायचा, पंपानं हवा भरायची, आणि पायाला जरासं वजन लावून पाय सरळ करायचा, खाली घ्यायचा, पुन्हा सरळ करायचा. "चाचा," ती म्हणाली, "पट्ट्यानं रक्त आत थोडं कमी जाते, पण बाहेर यायचं जवळपास थांबते. स्नायूले वाटते का लई मोठं वजन उचलून राहिलो. म्हणून हलक्या वजनात ताकद येते. ऑपरेशनच्या गुडघ्याले भारी वजन देता येत नाही ना."

मला हे तत्त्व चटकन समजलं. मी नोकरी केली त्या जिल्हा परिषदेत फाईल आत जायची आणि बाहेर यायची नाही, आणि त्यामुळे हलक्या कामाचंही आम्हाला फार ओझं वाटायचं. त्यातून ताकद येते हे मात्र मला नवीन होतं.

व्यायाम दिसायला किरकोळ, करायला भयंकर. मांडीत आधी ऊब, मग जळजळ, मग त्या पायाचं आणि आपलं जुनं भांडण असल्यासारखी भावना. पाय लालसर-जांभळा दिसायला लागतो, कपाळावर घाम, तोंडातून शब्द फुटत नाही. संपलं की उज्मा झडप फिरवायची, फुस्स करून हवा जायची आणि जगात देव असल्याची खात्री पटायची. पण महिन्या-दीड महिन्यात मांडी भरली. काठी हातात राहिली ती निव्वळ सवयीनं.

महालक्ष्म्यांसाठी तीन दिवस सासुरवाडीला जायचं होतं. गाव वलगावच्या पुढं आहे. नाव सांगत नाही, मला तिथं पुन्हा जायचं आहे. उज्मा पट्टा द्यायला तयार नव्हती. मग तिनं माणिकबाईंना समोर बसवून शिकवलं, दाबाच्या काट्यापाशी निळ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि बजावलं की काटा ठिपक्याच्या पुढं जाऊ द्यायचा नाही, आणि व्यायाम झाला रे झाला की पट्टा सोडायचा. वजनाची पिशवी घरी विसरली, तेव्हा माणिकबाईंनी तूरडाळीची छोटी पिशवी शिवून माझ्या घोट्याला बांधायची सोय केली.

जेवणाच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आज शेवटची उजळणी होऊन जाऊ दे. पण जागा कुठं? पुढच्या खोलीत महालक्ष्म्या उभ्या, माजघरात बायका, अंगणात मंडप. साठी उलटलेल्या जावयानं अर्ध्या चड्डीत मांडी उघडी टाकून बसावं अशी एकच जागा घरात उरली होती: मागचा कडब्याचा कोठा. मी तिथं पाट टाकून बसलो. माणिकबाईंनी पट्टा बांधला, ठिपक्यापर्यंत हवा भरली आणि म्हणाल्या, "मी न्हाऊन सोवळ्यात जाते. पुरण माझ्याकडे आहे. झालं का तुमचं तुमी सोडा." आणि गेल्या.

मी पाय वर-खाली करत जळजळीच्या ऐन टप्प्यात आलो होतो, तेवढ्यात पार्वताबाई दारात आल्या. या शेजारच्या फुलमळ्याच्या मालकीण. महालक्ष्म्यांसाठी फुलांची टोपली घेऊन मागच्या दारानं आल्या होत्या. त्यांना काय दिसलं, ते त्यांच्या जागी उभं राहून पाहा. कडब्याचा कोठा. त्यात गावचा जावई. मांडीला करकचून पट्टा. खाली जांभळा पाय. घामाघूम तोंड, आवळलेले दात. वऱ्हाडात पायाला असा पट्टा एकाच कारणासाठी बांधतात.

"काय झालं जी, जवाईबुवा?" त्यांनी विचारलं.

माझे शेवटचे चार-पाच उरले होते. मध्येच थांबलं तर उज्मा रागावते. म्हणून मी बोललो नाही. एक हात वर करून थांबा अशी खूण केली आणि दुसऱ्या हातानं पायाकडे बोट दाखवलं. पार्वताबाईंच्या हातून टोपली पडली. "जवाईले पान लागलं," असं ओरडत त्या अंगणाकडे धावल्या. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं.

त्या सालांत गावाला वाईट बातमीची सवय झाली होती. कोणाच्या घरून आरडाओरडा आला की लोक काय झालं हे विचारत थांबत नसत. हातातलं टाकून निघत. थांबल्यामुळे उशीर झाल्याचे दोन-तीन प्रसंग त्यांच्या मनात होते. म्हणून मी शेवटचा पाय खाली ठेवून पट्ट्याच्या झडपेकडे हात नेतो आहे, तोवर कोठा माणसांनी भरला.

सगळ्यात पुढं माझा मेहुणा खुशालराव. तो धिप्पाड आहे आणि बहिणीवर त्याचा जीव आहे. त्यानं माझा उजवा हात धरला. डावा हात शेजारच्या देवमननं धरला. मी झडपेकडे जायला धडपडलो. ते म्हणाले, झटके येऊन राहिले. तेवढ्यात गर्दीनं वाट दिली आणि पुंजाजी आले. पुंजाजी पान उतरवतात. त्यांनी आजवर शेकडो पानं उतरवल्याचं ते स्वतः सांगतात. ज्यांची उतरली नाहीत ते अर्थातच काही सांगत नाहीत. त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला, घोट्याची डाळीची पिशवी पाहून पसंतीची मान हलवली, आणि फर्मावलं, "पट्टा कोणी सोडू नोका. सोडला का जहर वर गेलं समजा."

मी म्हटलं, "अहो, हा व्यायाम आहे." पण धापा टाकत म्हटलेलं वाक्य, त्यात पुण्यासारखी शुद्ध भाषा. पुंजाजी म्हणाले, बरळून राहिले. मग त्यांनी कडुनिंबाची मूठभर पानं मागवली. ही तपासणी तुम्हाला माहीत असेल: पानं चावायला द्यायची, कडू लागली तर विष नाही, कडू लागली नाहीत तर चढलं. माझ्या तोंडात पानं कोंबली गेली. मी निमूट चावली. एव्हाना मांडी तडतडत होती आणि यातून लवकर सुटण्यासाठी मी काहीही चावलं असतं.

"कडू लागून राहिलं का?" पुंजाजींनी विचारलं.

आता खोटं बोलायला हवं होतं. पण माणूस प्रामाणिक कधी व्हायचा याला काही धरबंध नसतो. नत्थुजींच्या पेल्यापुढं ही पानं म्हणजे कोथिंबीर होती. मी म्हणालो, "फारसं नाही."

पुंजाजींनी टोपी काढली. खुशालराव खालच्या आवाजात म्हणाला, "बहिणीले काय तोंड दाखवू मी." पार्वताबाई रडायला लागल्या. मला स्वतःलाही क्षणभर वाईट वाटलं. मग पुंजाजींनी पट्ट्याच्या वर आणखी एक सुतळी बांधायचा हुकूम सोडला, आणि माझा सगळा समंजसपणा संपला.

दोन्ही हात दोघांच्या मुठीत होते. ओरडून उपयोग नव्हता. शरीरात मोकळे म्हणावे असे दोनच अवयव उरले होते. मी टाचा जमिनीत रोवल्या आणि उठलो.

कसा उठलो ते सांगता येणार नाही. पण पाटावरून थेट उभा राहिलो, हात न टेकता, कारण टेकायला हात माझ्याजवळ नव्हतेच. विष चढलेला माणूस असा उठत नाही. खुशालराव आणि देवमन दोघांचेही हात आपोआप सुटले. मी वाकलो आणि झडप फिरवली.

फुस्स.

बंद कोठ्यात, कडब्याच्या गंजीपाशी, त्या परिस्थितीत तो आवाज करायला नको होता हे मला मान्य आहे. देवमन गंजीवर होता. खुशालराव, एवढा धिप्पाड माणूस, पार्वताबाईंच्या मागे होता. पुंजाजी दारातून निघाले ते त्या फुलांच्या टोपलीवर पाय देऊन, आणि अंगणात झेंडूच्या सड्यावर गुडघा धरून बसले. दारात फक्त एकच माणूस उभा राहिला. खांद्याला बॅग, चेहरा पांढराफटक. चंदन. त्याला वेशीपाशीच कोणी सांगितलं होतं की तुझे बाबा गेले. दवाखान्यात की आणखी कुठं, ते वाक्य सांगणाऱ्यानं पूर्ण केलं नव्हतं. तिथून तो धावत आला होता.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही उभे आहात."

मी आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तेवढ्यात ओल्या साडीत माणिकबाई आल्या. सोवळं वगैरे सगळं बाजूला ठेवून त्यांनी आधी माझा पाय पाहिला, बोटं दाबून पाहिली, मग भावाकडे वळल्या. "काहून रे खुशाल, माणसाले इचारता येत नाही? व्यायाम करून राहिले होते ते. डॉक्टरनं सांगितला."

"व्यायाम?" खुशालराव म्हणाला. "अन् तो फुसकारा?"

माणिकबाईंनी पट्ट्यात पंपानं दोनदा हवा भरली आणि झडप उघडून दाखवली. फुस्स. मग पार्वताबाईंना हसू आलं. डोळ्यांत पाणी तसंच, आणि हसू. त्यांच्यामागून देवमन गंजीवरून हसायला लागला, मग अख्खा कोठा, मग अंगण. मला राग यायला हवा होता. अर्ध्या चड्डीतल्या जावयावर एवढं मोठं गाव हसत होतं. पण मी पाहिलं की हसता हसता लोक एकमेकांच्या खांद्याला धरत होते. धावत जाऊन पोहोचावं आणि काहीच झालेलं नसावं, असं त्या गावात फार दिवसांनी घडलं होतं. खुशालराव तर कोपऱ्यात जाऊन उपरण्यानं तोंड पुसत होता ते बराच वेळ.

उज्माला फोन लावला. पट्टा किती वेळ राहिला, बोटं सुन्न आहेत का, रंग परत आला का, हे सगळं तिनं नीट विचारून घेतलं आणि काळजीचं काही नाही अशी खात्री झाल्यावर मला दोन भाषांत झापलं. पुन्हा एकट्यानं कोठ्यात बसलात तर पट्टा अब्बूंच्या दुकानात पंक्चरला देऊन टाकीन, असं म्हणाली.

एवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. फोन कोणी केला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. पेशंट बरा आहे म्हटल्यावर ड्रायव्हर खूष व्हायला हवा होता, पण तो अडचणीत आला. वर कळवलं गेलं होतं, नंबर पडला होता. गाडी रिकामी नेली तर लेखी खुलासा द्यावा लागणार होता. त्यानं फार नम्रपणे विचारलं, दुसरं कोणी आहे का. उभ्या आयुष्यात इतका न्याय्य प्रश्न मी सरकारी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. सगळ्यांनी अंगणात पाहिलं. पुंजाजी अजून झेंडूतच होते आणि त्यांचा गुडघा टोपलीएवढा झाला होता.

ते गेले. पुढं महिनाभरानं मला उज्माच्या दवाखान्यात भेटले, मांडीला पट्टा, कपाळाला घाम. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि कडू लागून राहिलं का, एवढं विचारून घेतलं.

पण मी पंगतीचं सांगत होतो. व्हायला उशीर झाला, कारण टोपली तुडवली गेल्यामुळे पार्वताबाईंनी मळ्यातून पुन्हा फुलं आणली, आणि देवमननं एकदा खात्री म्हणून सगळा कडबा उपसला. दिवेलागणीला पाट मांडले. माझ्या शेजारी चंदन बसला. सकाळी त्यानं पाहिलं होतं. तरी मी म्हटलं, बोली पंगतीची आहे, पंगतीतूनच उठीन. पुरणपोळी, आंबील, कढी, सोळा भाज्या. आग्रह करणाऱ्या हाताला आमच्याकडे ब्रेक नसतो. त्या दिवशी तर प्रत्येक वाढणारा मला दोन घास जास्त वाढत होता, जावई परत मिळाल्यासारखा.

शेवटी सगळे उठायला लागले. माणिकबाई वाढता वाढता समोर येऊन थांबल्या. हातात कढीचं भांडं, आणि कढी कोणालाच नको होती. मी टाचा रोवल्या, हात छातीशी घेतले आणि उठलो. सकाळइतका झोकात नाही, मध्ये एकदा गुडघा कुरकुरला, पण उठलो. माणिकबाईंनी भांडं खाली ठेवलं.

चंदन बसून होता. मी म्हटलं, चल. त्यानं एक पाय हलवून पाहिला, मग दुसरा. मग दोन्ही हात पाटावर टेकले, जोर लावला आणि परत खाली बसला. सगळा दिवस खुर्चीवर बसायची नोकरी, अकराव्या मजल्याला लिफ्ट. दोन्ही पायांना मुंग्या येऊन ते कधीच त्याचे उरले नव्हते. त्यानं आजूबाजूला पाहिलं. दाराची चौकट लांब होती.

"अहो," माणिकबाई हळूच म्हणाल्या, "त्याले हात द्या."

मी हात दिला. त्यानं धरला.